भजनी मंडळाचा ॲम्प्लिफायर

आमचे गाव नाशिक-त्र्यंबक रस्त्यापासून थोडे आत आहे. गावात भजनी मंडळ आहे. मंडळाजवळ पेटी आहे, पखवाज आहे, बारा टाळकरी आहेत. दर एकादशीला देवळात भजन होते. पौष महिन्यात निवृत्तिनाथांची यात्रा भरते. तेव्हा आमची दिंडी त्र्यंबकेश्वराला पायी जाते.

बुवांचा आवाज आता थकला आहे. मागे बसलेल्या बायाबापड्यांना अभंग ऐकू येत नाही. दर वेळी लाऊडस्पीकर भाड्याने आणणे परवडत नाही. म्हणून मंडळाने ठरवले, की आवाज मोठा करणारे यंत्र आपणच बांधायचे. या यंत्राला ॲम्प्लिफायर म्हणतात.

यंत्र बांधणे फार अवघड नाही. नकाशा मिळतो, सुटे भाग मिळतात. अवघड आहे ती भागांची निवड. ती आम्ही दोन वेळा चुकलो. एक चूक पैशावर निभावली. दुसरी जिवावर बेतली असती.

डबी फुटली

मंडळातला एक गडी शहरात गेला आणि भाग घेऊन आला. हा गडी रात्रीच्या वर्गात वाचायला शिकलेला आहे. पण भागांवरसुद्धा काही वाचायचे असते, हे त्याला सुचले नाही. दुकानदाराने स्वस्तातले दिले, ते त्याने घेतले. तो गडी म्हणजे मीच!

यंत्र जोडले. आठ दिवस चांगले चालले. मग एकादशीला रात्री नऊच्या सुमाराला फट्‌दिशी आवाज झाला. पेटाऱ्यातून धूर निघाला. पखवाजवाला दचकून उठला. पोरे हसली.

नाशिकजवळ सातपूरला आयटीआय आहे. तिथे शिकलेला एक मुलगा आमच्या गावात आहे. सकाळी त्याला बोलावले. त्याने एक फुटकी डबी उचलून माझ्या हातात दिली.

"काका, हा कपॅसिटर. यावर काय लिहिलंय ते वाचा."

मी वाचले. "सोळा आहे."

"सोळा काय?"

मी गप्प.

"सोळा व्होल्ट. शेतात पाइप घेताना तुम्ही काय बघता?"

"किती किलोचा आहे ते बघतो. चार किलोचा, सहा किलोचा."

"का बघता?"

"दाब जास्त झाला तर पाइप फुटतो म्हणून."

"मग इथं का नाही बघितलं?"

मंडळी, त्या मुलाने दोन वाक्यांत सगळे सांगितले. कपॅसिटर ही वीज साठवणारी डबी आहे. तिच्यावर छापलेले व्होल्ट म्हणजे ती किती दाब सोसते त्याचा आकडा. पाइपावरच्या किलोसारखाच.

तरी मी वाद घातला. "ट्रान्सफॉर्मरवर बारा लिहिलंय. मग सोळाची डबी पुरायला पाहिजे."

त्याने जमिनीवर लाट काढून दाखवली. ट्रान्सफॉर्मरमधून येणारी वीज लाटेसारखी वरखाली होते. तिचे १२ व्होल्ट म्हणतात तो एक प्रकारचा मधला हिशेब आहे. लाटेचा माथा त्याच्या सुमारे १.४ पट उंच असतो. कपॅसिटर माथ्यापर्यंत भरतो. बारा गुणिले १.४ म्हणजे जवळजवळ १७. वाटेत डायोड थोडा दाब खातो. तरी १६ च्या वर उरतातच. शिवाय गावातली वीज कधी २३० व्होल्टवर स्थिर असते का? संध्याकाळी शेतातल्या मोटारी बंद झाल्या, की गावात दाब चढतो. २३० चे २५० झाले, तर डबीवर साडेसतरा येतात. यंत्र नुसतेच चालू असले, कोणी गात नसले, तर आणखी वर. सोळाची डबी आठ दिवस टिकली हेच नवल.

आता आमच्या यंत्रात २५ व्होल्टच्या डब्या आहेत. प्रत्येकी ४७०० मायक्रोफॅरडच्या. डबीवर आणखी एक आकडा असतो, ८५ किंवा १०५. तो उष्णतेचा. १०५ ची घ्यावी, ती जास्त टिकते. डबीच्या एका बाजूला उण्या चिन्हाचा पट्टा असतो. तो ऋण टोकाकडे यायला हवा. उलटी लावलेली डबीसुद्धा फुटते.

भागांवरची अक्षरे इंग्रजी असतात. ती पाहून घाबरू नका. थोडीच आहेत. खाली टोक आणि वर दोन फांद्या, बेचकीच्या डोक्यासारखे, ते अक्षर व्होल्टचे. घोड्याच्या नालासारखे चिन्ह ओहमचे. डोंगराच्या उभ्या टोकासारखे, आडवी काठी घातलेले, ते अँपिअरचे. एवढी ओळख झाली, की दुकानात निम्मे काम झाले.

आधी स्पीकर

लोक आधी यंत्र घेतात आणि मग स्पीकर शोधतात. हे उलटे आहे. बैल पाहून जू करावे, तसा आधी स्पीकर ठरवावा.

स्पीकरच्या पाठीवर दोन आकडे असतात. एक वॅटचा, एक ओहमचा. सगळे वॅट पाहतात, ओहम कोणी पाहत नाही. ओहम म्हणजे विजेला होणारा अडथळा. ८ ओहमचा स्पीकर कमी प्रवाह ओढतो, ४ ओहमचा दुप्पट ओढतो. ८ ओहमचे दोन स्पीकर एका जोडीच्या तारेवर शेजारी शेजारी लावले, तर यंत्राला ते ४ ओहमचे दिसतात. ४ चे दोन लावले तर २ चे. एका मोटारीवर दोन शेतांचे व्हॉल्व्ह एकदम उघडावेत, तसे ते होते. यंत्र तापते, आणि साधे असेल तर जळते. आम्ही ८ ओहमचा एकच मोठा स्पीकर लाकडी पेटीत बसवला. भोंगा घेतला नाही. भोंगा लांबवर ओरडतो खरा, पण पखवाजाची धूम त्यातून येत नाही.

आता वॅट. बाजारात लहानशा खोक्यावर "१००० वॅट" लिहिलेले असते. शेजारी बारीक अक्षरांत पीएमपीओ असते. त्या आकड्याला काही अर्थ नाही. तो फक्त गिऱ्हाइकाला भुलवायला आहे. खरा आकडा आरएमएस या अक्षरांपुढे असतो. आणि एक गंमत ध्यानात ठेवा. वॅट दुप्पट केले, तर आवाज दुप्पट होत नाही. कानाला जेमतेम फरक कळतो. आवाज दुप्पट वाटायला वॅट सुमारे दहापट लागतात. देवळातल्या भजनाला खरे १० वॅट भरपूर झाले. शिवाय २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर लावायला मनाई आहे. काही ठरावीक सणांना सरकार सवलत देते, तेवढीच.

चिप आणि तिचा ताप

१९४७ साली अमेरिकेत बेल कंपनीच्या प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टरचा शोध लागला. त्याआधी ॲम्प्लिफायर काचेच्या व्हॉल्व्हचे असत. त्यांना दोनशे-तीनशे व्होल्ट लागत. आता अनेक ट्रान्झिस्टर एका नखाएवढ्या चिपमध्ये मावतात, आणि ती थोड्या व्होल्टवर चालते. घरी बांधायला हेच बरे.

आम्ही टीडीए २०३०ए ही चिप घेतली. शेवटचा 'ए' महत्त्वाचा. नुसती २०३० दोन्ही बाजूंना १८ व्होल्टपर्यंत सोसते. 'ए'वाली २२ पर्यंत. आमच्या गावची वीज कुठवर चढते ते वर सांगितलेच आहे. एका अक्षराचा हा फरक आहे. ८ ओहमच्या स्पीकरला या चिपमधून दहा-बारा वॅट मिळतात.

दिंडीत मात्र वीज नसते. तिथे गाडीची १२ व्होल्टची बॅटरी. त्या कामाला मोटारीतल्या रेडिओची चिप, टीडीए २००३, चांगली. पण १२ व्होल्टवर एका चिपमधून ४ ओहमच्या स्पीकरला साडेचार वॅटच्या वर स्वच्छ आवाज जाऊच शकत नाही. कोणी बॅटरीवर एका चिपचे पन्नास वॅट सांगू लागला, तर त्याला रामराम करावा. दोन चिपा जोडीने लावल्या, तर तिपटी-चौपटीने वाढतो.

चिप काम करते तेव्हा तापते. जेवढी वीज आवाजात जाते, जवळजवळ तेवढीच उष्णतेत जाते. म्हणून तिला पंख असलेला ॲल्युमिनियमचा तुकडा लावतात. त्याला हीट सिंक म्हणतात. आम्ही प्रथम आगपेटीएवढा लावला. भजन रंगात आले, की आवाज बंद. दोन मिनिटांनी आपोआप सुरू. बुवा म्हणाले, "यंत्राला झोप येते वाटतं!" खरी गोष्ट अशी, की फार तापल्यावर ही चिप स्वतःला थांबवते आणि निवल्यावर परत चालू होते. तळहाताएवढा मोठा तुकडा लावला. झोप गेली.

तो लावताना एक काळजी घ्या. या चिपची धातूची पाठ विजेच्या ऋण बाजूला जोडलेली असते. मध्ये अभ्रकाची चकती आणि स्क्रूला प्लास्टिकची टोपी घातली नाही, तर पाठ पेटाऱ्याच्या पत्र्याला टेकते आणि वीज भलतीकडे धावते. अभ्रकाची चकती दोन-चार रुपयांची वस्तू. तिच्यावाचून सगळे यंत्र जाते.

बुवांना झटका बसला

आता दुसरी चूक. ही सांगायला लाज वाटते, पण सांगितली पाहिजे.

ट्रान्सफॉर्मर हा यंत्रातला सर्वांत महाग भाग. आम्ही भंगारातून जुना आणला. आणि दोन पिनांची वायर लावली. पावसाळ्याचे दिवस होते. देवळाची फरशी ओली होती. बुवा अनवाणी. अभंगाच्या पहिल्याच ओळीला त्यांचा ओठ माइकच्या जाळीला लागला आणि ते मागे कोसळले. देवाची कृपा, उठून बसले. ओठ सुजला. आठ दिवस त्यांनी माइकला हात लावला नाही.

मुलाने मीटर लावून पाहिले. जुन्या ट्रान्सफॉर्मरचे वेष्टन आतून सडले होते. घरातली २३० व्होल्टची वीज पत्र्यावर उतरली, आणि पत्र्यावरून तारेने माइकवर. अर्थिंग असती, तर ती जमिनीत गेली असती आणि फ्यूज उडाला असता. अर्थिंग नव्हती. मग ती बुवांच्या अंगातून गेली.

बचत कुठे करावी याचे आमचे गणित तिथे बदलले. पेटारा भंगारातला चालेल. बटणे जुनी चालतील. ट्रान्सफॉर्मर नवा घ्यावा. आमचा १२-०-१२ व्होल्टचा, २ अँपिअरचा आहे. हातात घेतला तर जड लागला पाहिजे. दोन अँपिअरचा म्हणून हलका, लहान माल देतात. तो गरम होतो. तीन पिनांची वायर घ्यावी आणि हिरवी तार पेटाऱ्याच्या पत्र्याला स्क्रूने घट्ट बसवावी. देवळातल्या प्लगला खरोखर अर्थिंग आहे का, ते वायरमनकडून तपासून घ्यावे. भोके तीन दिसतात, पण तिसऱ्यात पुष्कळदा तारच नसते! वीज आत येते त्या तारेवर अर्ध्या अँपिअरचा फ्यूज घालावा. तो सारखा उडू लागला, तर जाड तार गुंडाळू नका. तो काहीतरी सांगतो आहे.

रंगांची बाराखडी

राहिले बारीकसारीक भाग. डायोड ३ अँपिअरचे घ्या, एकाचे घेऊ नका. किमतीत फरक थोडाच. रेझिस्टरवर आकडे नसतात, रंगाचे पट्टे असतात. काळा शून्य, तपकिरी एक, लाल दोन, नारिंगी तीन, पिवळा चार, हिरवा पाच, निळा सहा, जांभळा सात, राखाडी आठ, पांढरा नऊ. पहिले दोन पट्टे म्हणजे दोन आकडे. तिसरा पट्टा म्हणजे पुढे किती शून्ये. लाल, लाल, नारिंगी म्हणजे २२ आणि पुढे तीन शून्ये, २२००० ओहम. निळा, राखाडी, तपकिरी म्हणजे ६८०. आमच्या नकाशात हे दोन्ही आहेत. ही जोडी मिळून आवाज किती पट करायचा ते ठरवते. इथे सुमारे ३३ पट. माइकचा आवाज फार बारीक असतो, त्याला ३३ पट पुरत नाही. म्हणून पुढे माइकची लहान तयार पाटी बसवली. ती बांधायच्या भानगडीत आम्ही पडलो नाही.

भाग नाशिकात मिळतात. न मिळाले तर पुण्याला तपकीर गल्ली आहे, मुंबईला लॅमिंग्टन रोड आहे. कुठेही जा, कागदावर आकडे लिहून न्या आणि भाग हातात घेऊन आकडे ताडून पाहा. चिपांत नकली माल फार. फारच स्वस्त मिळाली, तर शंका घ्यावी. दोन घ्याव्यात, एक जोडून पाहावी.

पहिल्यांदा चालू करताना

सगळे जोडले, तरी थेट प्लगमध्ये घालू नका. मुलाने आम्हाला एक युक्ती दाखवली. घरातल्या विजेच्या वाटेत, यंत्राच्या आधी, ६० वॅटचा जुना तारेचा बल्ब घातला. ही जोडणी जाणत्याकडूनच करून घ्यावी. यंत्रात कुठे चूक असेल, तर बल्ब लख्ख पेटून राहतो आणि वीज स्वतः खातो. यंत्र वाचते. सगळे ठीक असेल, तर क्षणभर पेटतो, डब्या भरतात, आणि बल्ब मंद होतो.

आम्ही सगळे बल्बाभोवती बसलो. बटण दाबले. बल्ब पेटला. कोणी श्वास घेईना. मग तो हळूहळू विझत आला.

बल्ब काढला. प्लग नीट लावला. बुवांनी आधी हाताच्या उलट्या बाजूने माइकला चाचपून पाहिले. मग विचारले, "मागे येतंय का ऐकू?"

मागून एक म्हातारी म्हणाली, "येतंय. पण ती पेटी जरा कमी करा की!"