अभ्यास आणि समाजकार्य : मेळ कसा घालावा?

बारावी उत्तीर्ण होऊन महाविद्यालयात प्रवेश मिळाला, की विद्यार्थी उच्च शिक्षणास तयार झाला असे आपण समजतो. आमच्या मते ही समजूत अपुरी आहे. घराण्यात पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढणारी कितीतरी मुले-मुली हुशार असूनही वर्गात गप्प बसतात. शंका कशी विचारावी, ग्रंथालयात संदर्भ कसा शोधावा, चारचौघांत मत कसे मांडावे, हे त्यांना कोणी शिकवलेले नसते.

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले. तेथे विद्यार्थ्यांची संसद भरत असे. १९५० साली बाबासाहेबांनी या संसदेपुढे हिंदू कोड बिलावर भाषण केले. अशा संसदेत ठराव मांडायचा तर आधी वाचावे लागते, पुरावा द्यावा लागतो, विरोधकाचे म्हणणे शांतपणे ऐकावे लागते. निबंध किंवा प्रबंध लिहिताना तरी याहून वेगळे काय करायचे असते?

राष्ट्रीय सेवा योजना १९६९ पासून चालू आहे. तीत वर्षाला १२० तास काम आणि सात दिवसांचे विशेष शिबिर असते. शिबिरात गावाची पाहणी करताना प्रश्नावली तयार करणे, घरोघर विचारपूस करणे, तक्ते मांडून अहवाल लिहिणे, हा अभ्यासाचाच धडा आहे. मात्र तेच तास नुसती हजेरी लावण्यात गेले, तर प्रमाणपत्र हाती पडेल, तयारी होणार नाही.

आता थोडे आपल्याविषयी. जयंतीचे दिवस आणि परीक्षेचे दिवस बहुधा एकत्रच येतात. वर्गणी, मंडप, मिरवणूक यांची धावपळ विद्यार्थ्यांवर टाकायची आणि पेपर अवघड गेला की त्यांनाच बोल लावायचा, हे आम्हा कार्यकर्त्यांकडूनही घडले आहे. यापुढे परीक्षा संपेपर्यंत विद्यार्थ्याला कामास बोलावू नये. एरवी मात्र आठवड्यातून दोन तास त्याला जबाबदारीचे काम द्यावे : सभेचे इतिवृत्त लिहिणे, जमाखर्च ठेवणे, वाचनालय सांभाळणे, दहावीच्या मुलांना शिकवणे. ही कामे मुलींनाही तितक्याच विश्वासाने द्यावीत.

पालकहो, सभेत उभे राहून हिशेब विचारणारा मुलगा उद्या वर्गात प्राध्यापकांना प्रश्न विचारील. त्याला सतरंज्या अंथरण्यापुरताच ठेवू नका. बोलू द्या, लिहू द्या, आणि वेळेवर अभ्यासाला बसू द्या.