आधी एक फळी उचकटून बघ

अगं, रेडिंगच्या त्या लाल विटांच्या टेरेस हाऊसची किल्ली हातात आली आणि तू लगेच घरभर अंडरफ्लोअर हीटिंग घालायला निघालीस! घाल की. भिंती मोकळ्या होतात, जानेवारीच्या सकाळी अनवाणी उभं राहून चहा करता येतो. पण घर व्हिक्टोरियन आहे. बिल्डरला होकार देण्याआधी माझं जरा ऐक.

पाइप कुठल्या कंपनीचा, थर्मोस्टॅट कुठला, हे सगळं नंतर. आधी पायाखाली काय आहे ते बघ. या घरांत पुढच्या खोल्यांची जमीन बहुधा अधांतरी असते. विटांच्या बुटक्या भिंती, त्यांवर जॉइस्ट म्हणजे लाकडी तुळया, वर फळ्या आणि खाली नुसती पोकळी. मागच्या किचनला मात्र बऱ्याचदा भरीव काँक्रीट असतं. पुढच्या खोलीत कोपऱ्यातली एक फळी उचकट आणि मोबाइलचा टॉर्च आत धर. गार वारा थेट तोंडावर येईल. तो यायलाच हवा. बाहेरच्या भिंतीत जमिनीलगत भोकांच्या विटा दिसतात ना, त्या एअर ब्रिक्समुळे खालची ओल निघून जाते. ‘गारवा येतो, बुजवून टाकू’ म्हणणारा कुणी भेटला, तर त्याला चहा पाजून वाटेला लाव. भोकं बुजली की खाली दमट हवा कोंडते आणि जॉइस्ट कुजायला लागतात. जॉइस्टचं टोक भिंतीत शिरतं तिथे स्क्रूड्रायव्हर टोचून बघ. लाकूड मऊ लागलं, तर आधी सुतार, मग प्लंबर.

आता खरा मुद्दा. जमीन पायांना सोसेल इतकीच तापवता येते. राहत्या भागात पृष्ठभागाचं तापमान साधारण २९ अंशांच्या वर नेत नाहीत, वर लाकूड असेल तर २७. त्यामुळे एका चौरस मीटरमागे ढोबळमानाने ५० ते १०० वॅट ऊब मिळते, आणि तुझ्या घराच्या भिंती सलग विटांच्या, मध्ये पोकळी नाही, म्हणजे ती ऊब लवकर निसटणार. खिडक्यांतून वारा येतोय, माळ्यावर इन्सुलेशन नाही, अशा घरात पाय गरम आणि नाक गार, अशी गत होते. म्हणून खोलीवार हीट लॉसचा हिशेब मागून घे. तो न करता कोट देणाऱ्याचं म्हणजे आधी कळस मग पाया.

माझं ऐकशील तर घरभर नकोच. मागचं किचन-डायनिंग तू नाहीतरी उकरणारच आहेस, तिथे मनसोक्त कर. ओल अडवणारा पडदा, इन्सुलेशनचे बोर्ड, त्यावर पाइप आणि वरून स्क्रीड, म्हणजे सिमेंट-वाळूचा थर. बेडरूमना रेडिएटर राहू देत. पुढच्या खोलीत तूर्त जॉइस्टच्या मध्ये इन्सुलेशन भर, वारा खेळायला खाली जागा ठेवून. उरलेले पैसे खिडक्यांना आणि माळ्याला लाव. पुढच्या खोलीत हवंच असेल, तर फळ्यांवर बसणारे पातळ पॅनल मिळतात, पण तेही जमीन १५-२० मिलिमीटरने उचलतात. मग दारं तासावी लागतात आणि जिन्याची खालची पायरी बाकीच्यांपेक्षा बुटकी होते. रात्री उतरताना नेमका तिथेच पाय अडखळतो.

बाथरूमपुरती इलेक्ट्रिक मॅट ठीक. घालायला स्वस्त, पण मोठ्या खोलीला नको. इथे वीज युनिटमागे गॅसच्या कितीतरी पट महाग पडते. मोठ्या जागेला पाण्याचे पाइपच. त्यांना ३५ ते ४५ अंशांचं पाणी पुरतं, म्हणून पुढे हीट पंप बसवायचा असेल तर त्याच्याशी छान जमतं. त्यासाठी इंग्लंड-वेल्समध्ये बॉयलर अपग्रेड योजनेतून ७,५०० पौंडांचं अनुदान आहे, ते मिळतंय का ते बघ.

काम चालू असताना दोन गोष्टींवर नजर ठेव. स्क्रीड ओतण्याआधी पाइपांत प्रेशर भरतात. सगळे पाइप जिथे जोडतात त्या मॅनिफोल्डवरच्या गेजचा काटा कुठे आहे त्याचा फोटो काढ आणि ओतून झाल्यावर पुन्हा बघ. काटा उतरला असेल, तर बिल्डरच्या माणसांना तिथेच थांबव. पाइपांचेही मोजायचा टेप लावून फोटो काढून ठेव, नाहीतर उद्या दाराचा स्टॉपर बसवताना ड्रिल पाइपातच जायचं. आणि वाळण्याची घाई करू नकोस. सिमेंटचं स्क्रीड पहिल्या ५० मिलिमीटरपर्यंत दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाळतं, जाडी वाढली की त्याहून सावकाश. ‘हीटिंग चालू करून वाळवू’ म्हणाले तर सरळ नाही म्हण. तडे जातात.

वर टाइल्स सगळ्यांत उत्तम. कार्पेट हवंच असेल, तर खालच्या अंडरलेसकट २.५ टॉगच्या (ऊब अडवण्याचं माप) आत ठेव. आईने दिलेली जाड सतरंजी तिथे अंथरू नकोस, ऊब खालीच अडेल. वापरायचं तंत्रही वेगळं. हे चुलीतल्या निखाऱ्यांसारखं, सावकाश तापतं आणि सावकाश निवतं. रेडिएटरसारखी तासाभराची चालू-बंद नको. रात्री दोन-तीन अंश उतरव, बस्स.

या शनिवारी फळी उचकट, खालचे फोटो मला पाठव. बिल्डरला मात्र सोमवारनंतरच बोलव. आणि त्याच्या कोटमध्ये इन्सुलेशनची जाडी, प्रेशर टेस्ट आणि बिल्डिंग कंट्रोलची (बांधकाम नियमांची) मंजुरी हे तिन्ही लिहून घेतल्याशिवाय एक पौंडही आगाऊ देऊ नकोस, कळलं?