भयमुक्त वर्गात भाषा फुलते

कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिमेस, सह्याद्रीच्या कुशीत शाहूवाडी तालुका वसला आहे. डोंगरउतारावरील वाड्या-वस्त्या आणि धनगरवाडे ही त्याची ओळख. अशा वस्तीतील मूल पहिलीच्या वर्गात येते ते घरची बोली घेऊन. पुस्तकातील प्रमाण मराठी त्याला काहीशी परकी वाटते. सन २००० पासून राज्यात पहिलीपासूनच इंग्रजीचे अध्यापन सुरू झाल्याने त्यात आणखी एका नव्या भाषेची भर पडली. अशा वेळी मुलाला खरा आधार असतो तो शिक्षकाचा.

राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा करून बहुजनांच्या मुलांना शाळेचे दार खुले केले. आत आलेले मूल निर्भयपणे बोलते व्हावे, हे त्याच कार्याचे पुढचे पाऊल होय.

समजा, एखादे मूल ‘म्या बघितलं’ असे म्हणाले आणि वर्ग हसला. त्या हसण्यात गुरुजीही सामील झाले, तर ते मूल पुन्हा हात वर करण्यास धजणार नाही. त्याचे मौन अज्ञान समजले जाते. वस्तुतः ते भय असते. अमेरिकन भाषातज्ज्ञ स्टीफन क्रॅशन यांनी १९८२ सालच्या आपल्या ग्रंथात हेच मांडले. चिंता आणि संकोच यांचा मनात जणू पडदा उभा राहतो व कानी पडलेली भाषा आत झिरपत नाही, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

हा पडदा दूर करण्यास खर्च लागत नाही. ‘अस्सं, तू बघितलंस? मीही बघितलं!’ असे उत्तर दिल्यास बोलीचा मान राहतो आणि प्रमाण रूपही सहज कानी पडते. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एकच सेकंद थांबतात. ती वेळ तीन सेकंदांपर्यंत वाढविल्यास उत्तरे अधिक मोठी व विचारपूर्वक येतात, असे मेरी बड रो यांच्या संशोधनात आढळले. लाजाळू मुलास प्रथम शेजारच्या सोबत्याशी बोलू द्यावे, मग वर्गापुढे उभे करावे.

शिक्षण हक्क अधिनियम, २००९ च्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेबरोबरच मानसिक छळासही मनाई केली आहे. परंतु कायदा भय रोखू शकतो. विश्वास मात्र शिक्षकानेच निर्माण करावयाचा असतो. ज्या वर्गात चुकण्याची मुभा असते, तेथेच दुर्गम वाडीवरील मुलालाही आपला आवाज गवसतो.