वेळा अमावास्येची रजा

दुधनी गाव अक्कलकोट तालुक्यात आहे. गावाला रेल्वेचे स्टेशन आहे. गाडीत बसून माणसे कामाला पुण्या-मुंबईला जातात. पुढे बायकापोरेही तिकडेच राहतात.

दिवाळीला सगळीकडे सुट्टी असते. पण आपला रानातला सण मार्गशीर्ष अमावास्येला येतो. तिला वेळा अमावास्या म्हणतात. त्या दिवशी माणसे घरदार घेऊन रानात जातात. कडब्याची कोप करतात. कोपीत पाच पांडव मांडून पुजतात. मग भज्जी, बाजरीचे उंडे आणि ताकातली आंबील! वाटेने जाणाऱ्यालाही हाक मारून जेवायला बसवतात.

पुण्याला मात्र त्या दिवशी कारखाना चालूच असतो. बाई खोलीतच भज्जी करते. पोर विचारते, "आई, आपलं रान कुठाय?"

इकडे म्हातारी फोनवर पुसते, "येणार का रं, बाबा?"

नुसते "बघतो" म्हणू नका. ती वाट बघत बसते. पंचांगात तारीख बघा. महिनाभर आधी अर्ज द्या. दिवाळीची रजा दोन दिवस कमी झाली तरी चालेल. अर्जात एवढे लिहा :

"गावी आमच्या शेतात पूजा आहे. आईवडील थकले आहेत. मला दोन दिवसांची रजा मिळावी."

खाली तारीख घाला. सही करा.