धूर नाही, तरी धोका आहे!



मागच्या महिन्यात बैठकीला गेले, तेव्हा एका ताईंच्या सुनेला भेटले. बाळ बारा दिवसांचं. बाजेखाली घमेल्यात निखारे, खिडकीला गोधडी बांधलेली, दार लोटलेलं. बाळंतीण म्हणाली, "दोन दिवस झाले, डोकं ठणकतंय, मळमळतंय." सासूबाई म्हणाल्या, "ओल्या बाळंतिणीला होतं गं असं. आणि धूर कुठंय? निखारे लाल झाल्यावरच आत आणते मी."

दार-खिडकी उघडून दोघा मायलेकरांना ओसरीवर आणलं. थोड्या वेळानं तिचं डोकं हलकं झालं. तरीही त्यांना दवाखान्यात दाखवायला लावलं. सासूबाईंची माया खरीच होती, पण एक गोष्ट त्यांना कुणी सांगितली नव्हती. तीच आज शिकूया.

हा वायू कोणता?
कोळसा किंवा लाकूड अर्धवट जळलं की कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. लाल निखाऱ्यातून तो निघतो, राखेखाली विझत आलेल्या निखाऱ्यातूनही निघतो. आपल्या रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजन वाहून नेतं. हा वायू त्याला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. मग श्वास चालू असूनही शरीराला ऑक्सिजन पुरत नाही. रक्त कमी असलेली बाई, गरोदर बाई आणि लहान बाळ यांना धोका जास्त.

ओळखायचं कसं?
नाकाला कळत नाही, म्हणून लक्षणं बघा:
- डोकं दुखणं, चक्कर, मळमळ, खूप झोप येणं
- खोलीतल्या दोघा-तिघांना एकाच वेळी त्रास होणं
- बाहेर मोकळ्या हवेत गेलं की बरं वाटणं

बाळाला सांगता येत नाही. ते दूध ओढेना, सुस्त पडलं तर लगेच बाहेर न्या. बोटाला लावायच्या यंत्रात ऑक्सिजन चांगला दिसला, तरी फसू नका. त्या यंत्राला हा वायू वेगळा ओळखता येत नाही. या वायूची सूचना देणारं बॅटरीवरचं यंत्र मिळतं, पण ते असलं तरी शेगडी आत नकोच.

मग शेक कसा द्यायचा?
- शेगडी अंगणात ठेवा. फडकं बाहेर गरम करून आत आणा, आधी आपल्या हाताला लावून बघा.
- बाळंतिणीला गरम पाण्याची पिशवी कापडात गुंडाळून द्या.
- बाळाला टोपी, मोजे घाला. आईच्या उघड्या छातीशी धरून वरून पांघरूण घाला, तोंड-नाक मोकळं ठेवा. ही पद्धत आशाताई दाखवतील.
- निखारे ठेवून कधीच झोपू नका. खोलीत पाण्याची बादली ठेवल्यानं हा वायू जात नाही.

कुणी बेशुद्ध पडलं तर?
आधी दारं-खिडक्या उघडा, माणसाला बाहेर काढा, 108 ला फोन करा. डॉक्टरांना "बंद खोलीत शेगडी होती" हे आवर्जून सांगा. त्यावरून उपचार ठरतो.

पुढच्या बैठकीसाठी: आपल्या गटात कुणाच्या घरी बाळंतीण आहे किंवा येणार आहे? दोघीजणींनी तिच्या घरी जाऊन खोली बघा. सासूबाईंना दोष देऊ नका, त्यांच्या शेजारी बसून बोला. शेक बंद करायचा नाही, फक्त शेगडी बाहेर काढायची आहे.

तुमची,
क्षेत्र समन्वयक