डिप्रेशनची गोळी, सिव्हिलची ओपीडी

सातारा जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेत कारकुनी करणारी ही बाई आज नियमित कामावर जाते. मधल्या काळात तिच्यावर जे गुदरलं ते इतरांच्या उपयोगी पडावं म्हणून, नाव न छापण्याच्या अटीवर, तिने ते सांगितलं. दुखणं सुरू झालं झोपेपासून. पहाटे तीनला जाग यायची आणि उजाडेपर्यंत छातीत धडधड. जेवणावरची वासना गेली. रोजकीर्दीतली साधी बेरीज जुळेना, तशी ती एकच पान पुन्हा पुन्हा मोजत बसायची. घरच्यांना आधी वाटलं अंगात रक्त कमी आहे, मग वाटलं बाहेरचं काही असेल. टॉनिकच्या बाटल्या झाल्या, गंडादोरा झाला. शेवटी जवळच्या डॉक्टरांनी झोपेची गोळी लिहून दिली. त्या गोळीने झोप लागायची, पण सकाळी उठल्यावर मनावरचं ओझं होतं तिथेच असायचं. पुढे पुढे मेडिकलवाला चिठ्ठी न बघताच ती गोळी देऊ लागला.

हे फार घरांत घडतं आणि ते धोक्याचं आहे. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम यांसारख्या गोळ्या धडधड आणि निद्रानाश तेवढ्यापुरता शमवतात. नैराश्य त्यांनी बरं होत नाही, उलट काही आठवड्यांतच त्यांची सवय लागू शकते. उपचाराच्या सुरुवातीला डॉक्टर त्या थोडे दिवस देतात, ते वेगळं. मात्र जी माणसं महिनोन्‌महिने त्या घेत आली आहेत, त्यांनी त्या एकदम तोडूही नयेत. डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू उतरवाव्या लागतात.

पुढे एका नातेवाइकाच्या ओळखीने ती शहरातल्या खासगी मानसोपचारतज्ज्ञांकडे गेली. त्यांनी थायरॉइड आणि बी-१२ तपासून घेतलं, कारण या दोन्हींच्या कमतरतेत माणूस असाच मलूल होतो. पूर्वी कधी उलट टोकाची अवस्था, म्हणजे झोपेविना प्रचंड उत्साह, उधळपट्टी, न थांबणारी बडबड असं झालं होतं का, तेही विचारलं. हा प्रश्न डॉक्टरांनी विचारला नाही तर रुग्णाने आपणहून सांगावं, कारण द्विध्रुवीय विकारात नुसती नैराश्याची गोळी त्रास वाढवू शकते. मग एसिटालोप्राम सुरू झालं.

पहिले काही दिवस मळमळ होती. या औषधांचं असंच असतं: त्रास आधी जाणवतो, गुण नंतर येतो. फरक पडायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, कधी सहा-आठही. लैंगिक इच्छा कमी होणं हाही एक दुष्परिणाम आहे. तो सांगायला लाजून किती तरी लोक औषधच सोडून देतात. तो सांगितला तर डॉक्टरांना मात्रा किंवा औषध बदलता येतं. पंचविशीच्या आतल्या रुग्णांवर तर सुरुवातीचे आठवडे घरच्यांनी बारीक लक्ष ठेवायला हवं, कारण या वयात काहींच्या मनात जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार वाढू शकतात.

तिला गुण आला. आणि तिथेच घात झाला. डॉक्टरांची फी, एसटीचं भाडं, बिनपगारी रजा, ब्रँडेड गोळ्यांचं बिल, हे सगळं मिळून पगाराचा मोठा लचका तुटत होता. त्यात घरातून ‘आता बरी आहेस ना, मग कशाला त्या गोळ्या?’ हे सुरूच. तिने एका दिवसात औषध बंद केलं. दोन-तीन दिवसांत चक्कर, चिडचिड, डोक्यात करंट बसावा तसे झटके. ते ओसरले, पण काही आठवड्यांनी पहाटेची जाग परत आली. पूर्ण बरं वाटायला लागल्यानंतरही किमान सहा महिने औषध चालू ठेवायचं असतं आणि नंतर ते टप्प्याटप्प्याने कमी करायचं असतं, ही गोष्ट पहिल्याच भेटीत नीट सांगितली गेली पाहिजे. नाही सांगितली तर आपण विचारून घ्यावी.

परवडत नव्हतं म्हणून थांबली, आणि परवडणारा रस्ता तिच्या घरापासून एका एसटीवर होता. तो दाखवला गावातल्या आशाताईंनी. ‘सिव्हिलला चला, मी येते बरोबर,’ एवढंच त्या म्हणाल्या. तिथे केसपेपरच्या खिडकीवर ‘मानसोपचार’ असं मोठ्याने सांगताना तिला मागे वळून बघावंसं वाटलं. रांगेतल्या कुणाचंच लक्ष नव्हतं. आत आधी समाजसेविकेने घरची सगळी माहिती लिहून घेतली, मग डॉक्टरांनी जुनी फाइल पाहिली आणि तेच औषध लिहून दिलं. गोळ्या तिथल्याच खिडकीवर मिळाल्या. महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत, केसपेपरलाही पैसे नाहीत. वैद्यकीय महाविद्यालयांची आणि महापालिकांची रुग्णालयं या निर्णयात येत नाहीत, पण तिथलाही खर्च खासगीच्या मानाने फारच थोडा. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, गोव्यात बांबोळीला मानसोपचार संस्था आहे. या सगळ्यांच्या बाह्यरुग्ण विभागात डिप्रेशनचे रुग्ण रोज येऊन औषध घेऊन घरी जातात. मनोरुग्णालयाच्या फाटकातून आत गेलं की माणूस अडकला, ही भीती मनातून काढून टाकावी.

आणि हे कुणाचे उपकार नव्हेत. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या अठराव्या कलमाने सरकारी मानसोपचार हा हक्क केला आहे. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला तो मोफत मिळायला हवा, कार्ड हातात असो वा नसो. आवश्यक औषधांच्या यादीतली मानसोपचाराची औषधं सामुदायिक आरोग्य केंद्रापासून वरच्या सरकारी रुग्णालयांत विनामूल्य असावीत, असंही त्यात आहे. प्रत्यक्षात कधी साठा संपतो. तेव्हा चिठ्ठीवर मूळ औषधाचं नाव लिहून मागावं आणि जनऔषधी केंद्र गाठावं. तिने ब्रँडेड आणि जनऔषधीचं अशी दोन्ही पाकिटं शेजारी ठेवून पाहिली: कंपनी वेगळी, पण ‘एसिटालोप्राम १० एमजी’ ही अक्षरं तीच, आणि दर निम्म्याहून कमी. विम्याच्या भरवशावर मात्र राहू नये. कायद्याने मानसिक आजार विम्यात आले असले तरी बहुतेक पॉलिसी रुग्ण दाखल झाल्यावरच पैसे देतात आणि डिप्रेशनचे बहुसंख्य रुग्ण ओपीडीतच बरे होतात.

गोळीच्या जोडीला बोलणंही लागतं, आणि समुपदेशन म्हणजे श्रीमंतांचं काम हा समज गोव्याने खोटा ठरवला. डॉ. विक्रम पटेल आणि ‘संगथ’ संस्थेने तिथे आरोग्यक्षेत्राचं शिक्षण नसलेल्या स्थानिक स्त्रियांना प्रशिक्षण देऊन दवाखान्यांत समुपदेशक म्हणून बसवलं. २०१० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या या प्रयोगाच्या अभ्यासात, सरकारी आरोग्य केंद्रांतले नैराश्य आणि चिंताविकाराचे सुमारे ६६ टक्के रुग्ण सहा महिन्यांत बरे झालेले दिसले. नेहमीचेच उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण ४३ टक्क्यांच्या आत होतं. विदर्भातल्या खेड्यांत ‘विश्राम’ प्रकल्पाने याच धर्तीवर काम केलं. त्याआधी नैराश्य असलेल्या शंभरातले चार-पाच जण कुठे तरी मदत घेत होते. नंतर ते सत्तावीसवर गेले. हे आकडे वाचून धीर येतो, कारण इथे कामाला आली ती शिकवून तयार केलेली गावातलीच माणसं.

कुठे जायचं तेच सुचत नसेल तर १४४१६ हा ‘टेली मानस’चा क्रमांक लावावा. ऑक्टोबर २०२२ पासून ही सरकारी सेवा चोवीस तास, फुकट आणि मराठीतही चालते. जवळची मानसोपचार ओपीडी कुठे आहे, हेही तिथे विचारता येतं. मरणाचे विचार येत असतील तर पुढच्या तारखेची वाट बघू नये. त्या माणसाला एकटं सोडू नये, फवारणीची औषधं आणि घरातल्या जास्तीच्या गोळ्या दुसऱ्याच्या ताब्यात द्याव्यात आणि रात्र असली तरी सरळ रुग्णालयाचा अपघात विभाग गाठावा. पोलिसांच्या भीतीने थांबू नये. जीव देण्याचा प्रयत्न झालेला असला तरी, तो माणूस तीव्र ताणाखाली होता असंच २०१७ चा कायदा गृहीत धरतो आणि त्याच्या उपचाराची, पुनर्वसनाची जबाबदारी सरकारवर टाकतो.