काळी कोंबडी, तिचा वंश आणि तिचे खुराडे

बैल विकत घेताना शेतकरी त्याचे दात पाहतो, खूर पाहतो, दहा पावले चालवून पाहतो आणि तो कोणाच्या दावणीचा याची चौकशी केल्याशिवाय कासऱ्यास हात लावीत नाही. तोच गृहस्थ कोंबडी घेताना मात्र रंग पाहून पैसे मोजतो. कोंबडी ही हलक्या किंमतीची वस्तू मानली जाई तोवर ही हयगय चालून गेली. आता कडकनाथ जातीस चढा भाव येऊ लागल्यापासून काळ्या रंगासच किंमत आली आहे, आणि ज्या गुणास किंमत येते त्याची नक्कल होण्यास वेळ लागत नाही. २०१९ साली सांगली-कोल्हापूर भागात या पक्ष्याच्या एका करारी योजनेत अनेक शेतकऱ्यांचे पैसे बुडाले, हे वाचकांच्या स्मरणात असेलच. तो दोष पक्ष्याचा नव्हता, व्यवहाराचा होता; परंतु पक्ष्याच्या वंशाविषयीची फसवणूक ही निराळी बाब आहे, आणि ती ओळखण्याचे साधन प्रत्येक शेतकऱ्याच्या परसात आहे. आजच्या पाठात आम्ही त्याचाच विचार करणार आहोत.

कडकनाथ हा मूळचा मध्यप्रदेशातील झाबुआ, अलीराजपूर व धार या भागांतील पक्षी. भिल्ल व भिलाला लोकांनी तो पिढ्यान्पिढ्या जतन केला. २०१८ साली झाबुआच्या कडकनाथास भौगोलिक मानांकन मिळाले. त्याचा तुरा, जीभ, चोच, नडग्या, कातडी, इतकेच नव्हे तर मांस व हाडांवरील पापुद्राही काळसर असतो. पिसे मात्र काळीच असतात असे नाही. निव्वळ काळा, पांढऱ्या रेघांचा व सोनेरी छटेचा असे त्याचे तीन प्रकार आहेत. उलटपक्षी ऑस्ट्रॅलॉर्प जातीची पिसे कोळशासारखी काळी असून कातडी पांढरी असते. यावरून ध्यानात येईल की पिसांचा काळेपणा आणि कातडीचा काळेपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सबब पिसे पाहून सौदा करू नये. चोच उघडून जीभ व टाळा पाहावा, पंखाखालची पिसे सारून कातडी पाहावी. कडकनाथाचे अंडे फिक्कट तपकिरी असते. काळे अंडे दाखवून कोणी पैसे मागत असेल तर त्याच्याशी अधिक बोलण्याचे कारण नाही.

परंतु कातडी काळी निघाली म्हणजे वंश शुद्ध ठरला काय? येथेच खरा घोटाळा आहे. १९११ साली इंग्लंडात बेटसन व पनेट या शास्त्रज्ञांनी सिल्की नावाच्या, अशाच काळ्या कातडीच्या जातीवरील आपले प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांवरून असे दिसून आले की हा काळेपणा दोन गुणांच्या मेळाने ठरतो. पहिला गुण कातडीत व मांसावरील पापुद्र्यांत काळा रंग भरणारा. तो आई व बाप यांपैकी एकाकडून आला तरी आपले काम करू शकतो. दुसरा गुण त्या काळेपणास अटकाव करणारा. तो लेगहॉर्न, ऱ्होड आयलंड रेड अशा पिवळ्या किंवा फिक्या नडगीच्या जातींत असतो, काळ्या जातींत नसतो. या अटकावाचा वारसा लिंगाशी बांधलेला आहे. कोंबडी तो आपल्या नर पिलांसच देऊ शकते, मादी पिलांस नाही. मादी पिलास तो मिळाला तर केवळ बापाकडूनच मिळतो.

आता हिशेब करून पाहू. शुद्ध कडकनाथ कोंबडा फिक्या नडगीच्या कोंबड्यांत सोडला. नर पिलांस बापाकडून काळेपणा व आईकडून अटकाव मिळाला, म्हणून ते फिके किंवा डागाळलेले निघतील. मादी पिलांस काळेपणा मिळाला आणि अटकाव मुळीच मिळाला नाही, म्हणून त्या सर्व काळ्या कातडीच्या निघतील. म्हणजे पहिल्याच पिढीच्या संकरातून काळ्या तलंगा तयार होतात. त्यांतून पिसेही काळी असलेल्या तेवढ्या निवडून कडकनाथ म्हणून विकावयाच्या आणि फिके नर गुपचूप खाटकाकडे धाडावयाचे, इतके हे सोपे आहे. उलट जोडी लाविली, म्हणजे कोंबडा फिक्या जातीचा व कोंबडी कडकनाथ, तर अटकाव बापाकडून सर्वच पिलांस मिळतो आणि काळे पिलू हाती लागत नाही. आमच्या मते, ज्यास आपल्याच परसात हा नियम पडताळून पाहावयाचा असेल त्याने दोन्ही जोड्या एका हंगामात लावाव्या. शाळेत जाणाऱ्या मुलांसही हा धडा पुस्तकापेक्षा लवकर समजतो.

अशी संकराची तलंग शुद्ध कोंबड्याखाली आली तर तिची सर्व पिले काळीच निघतात. एक पिढीभर मालक निर्धास्त राहतो. पुढे त्या पिलांतील नर-माद्यांची आपसांत जोडी लागली म्हणजे मधूनच पांढऱ्या कातडीचे पिलू निघते, आणि मग दोष पाण्यास, दाण्यास किंवा शेजाऱ्याच्या कोंबड्यास दिला जातो. खरा दोष दोन पिढ्यांपूर्वी बाजारात झालेला असतो.

कोंबड्याची परीक्षा तरी प्रत्येकाने करावी. कळपाचा अर्धा वारसा एकट्या कोंबड्याकडून येतो, म्हणून त्याचेच महत्त्व अधिक. ज्या काळ्या कोंबड्याविषयी खात्री करून घ्यावयाची त्यास तीन-चार पिवळ्या नडगीच्या लेगहॉर्न किंवा ऱ्होड आयलंड कोंबड्यांबरोबर वेगळा ठेवावा व त्यांची अंडी उबवावी. पिले दोन महिन्यांची झाल्यावर केवळ माद्या तपासाव्या; नर फिके निघणारच, त्यांवरून काही ठरत नाही. दहा-बारा माद्या एकूण एक काळ्या निघाल्या तर त्या कोंबड्यात काळेपणा दोन्ही बाजूंनी आलेला आहे असे धरण्यास हरकत नाही. एक जरी मादी फिक्या कातडीची निघाली तरी तो कोंबडा पैदाशीस ठेवू नये, मग तो दिसावयास कितीही रुबाबदार असो. या परीक्षेने काळेपणाचीच शुद्धता कळते, अंडी व वाढ यांची नव्हे, हेही लक्षात असू द्यावे.

आणखी एक गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. कोंबड्याचा एकवार संग झाल्यावर त्याचे बीज कोंबडीच्या शरीरात दोन ते तीन आठवडे टिकते. म्हणून बाहेरून आणलेली किंवा मोकळी फिरलेली कोंबडी शुद्ध कोंबड्याबरोबर ठेविल्यानंतर पहिल्या तीन आठवड्यांची अंडी खावी किंवा विकावी, रवणास लावू नयेत.

हे सर्व साधावयाचे तर खुराडे दोन कप्प्यांचे हवे. वीस पक्ष्यांसाठी आठ फूट लांब व पाच फूट रुंद खुराडे पुरते. दिवसा पक्षी बाहेर फिरत असल्यास पक्ष्यामागे दोन चौरस फूट जागा बस होते. मध्ये जाळीचा आडपडदा घालून एका बाजूस शुद्ध कळप व दुसऱ्या बाजूस देशी किंवा परीक्षेच्या कोंबड्या ठेवाव्या. दर बाजूस एक कोंबडा व नऊ कोंबड्या हे प्रमाण ठीक. दोन वेगवेगळी आवारे करण्याची ऐपत नसेल तर एक कळप सकाळी व दुसरा दुपारनंतर सोडावा. पहिला आत घेतल्याशिवाय दुसऱ्याचे दार उघडू नये, एवढे पथ्य घरातील सर्वांनी पाळले पाहिजे.

खुराड्याची लांबी पूर्व-पश्चिम असावी, म्हणजे उन्हाची तिरीप आत शिरत नाही. लांब बाजूंस खाली फूटभर फळी व वर अर्ध्या इंचाची जाळी लावावी; याहून मोठ्या छिद्रातून साप आत येतो आणि मुंगूस पंजा घालते. जमीन दोन फूट उंच खांबांवर घ्यावी. कोकणात तर याविना गत्यंतर नाही. आत भाताचे तूस किंवा भुईमुगाची टरफले तीन इंच पसरावी, ओली झालेली काढून खतात टाकावी. बसण्याच्या काठ्या दोन इंच जाडीच्या, वरून गोल केलेल्या, पक्ष्यामागे आठ इंच या मानाने आणि सर्व एकाच उंचीवर असाव्या. उंची कमीजास्त असली की वरच्या काठीसाठी रोज संध्याकाळी मारामारी होते. पाच कोंबड्यांस अंडी घालण्यासाठी एक फूटभर चौरस खोके पुरे.

काठ्या खिळ्यांनी पक्क्या करू नयेत, खाचेत नुसत्या ठेवाव्या. कारण गोचीड. ही दिवसा लाकडाच्या सांध्यांत लपते, रात्री बाहेर येऊन रक्त शोषते आणि एक घातक ज्वरही पसरविते. पक्षी नसले तरी ती महिनोन्‌महिने उपाशी जगते, म्हणून खुराडे काही दिवस रिकामे ठेवून ती मरत नाही. काठ्या बाहेर काढून सांधे व भेगा ज्योतीने शेकाव्या आणि वर चुना द्यावा. मातीच्या भिंती असतील तर भेगा लिंपून टाकाव्या.

कडकनाथ कोंबडी खुडूक क्वचितच होते, म्हणून तिची अंडी देशी खुडूक कोंबडीखाली ठेवावी. एकीखाली दहा ते बारा, आणि आठवड्याहून शिळी नकोत. एकविसाव्या दिवशी पिले निघाली की दोन बोटांमधील पडद्यास बारीक छिद्र पाडून जोडीनुसार खूण करावी व वहीत नोंदवावी. पहिल्या आठवड्यात मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची लस डोळ्यात किंवा नाकात थेंबाने द्यावी, आणि सहा ते आठ आठवड्यांचे असता त्याच रोगाची दुसरी लस टोचून घ्यावी. ही टोचण्याची लस १९४० नंतरच्या दशकात कुमाऊँतील मुक्तेश्वर येथे सिद्ध झाली. पशुवैद्यकीय दवाखान्यातून ती आणताना बर्फात आणावी व कुपी फोडल्यावर दोन तासांच्या आत संपवावी. एका कुपीत शंभर किंवा अधिक मात्रा असतात, म्हणून वाडीतील चार-पाच घरांनी एकच दिवस ठरवून सर्व कळपांस एकदम टोचून घेणे सोईचे पडते.